मांजरीने दोरा गिळलाय, टोक शेपटीखाली लोंबतंय. ओढून काढू का?

नाही, अजिबात ओढू नका. मांजरीला आजच पशुवैद्याकडे न्या. बाहेर दिसतंय ते फक्त टोक असतं. दुसरं टोक बऱ्याचदा जिभेच्या मुळाशी गुंडाळलेलं किंवा जठरात अडकलेलं असतं. मग आतडं दोरा पुढे ढकलायला बघतं आणि त्या ताणलेल्या दोऱ्यावर चुण्या पडत गोळा होतं, परकराच्या नाडीवर कापड गोळा व्हावं तसं. अशा वेळी बाहेरून हिसका दिला तर दोरा करवतीसारखा आतड्याला चिरतो. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा थुंकून टाकणं तिला जमत नाही. बिचारी गिळतच जाते.

निघेपर्यंत एवढं करा:

- लोंबता भाग फार लांब असेल तर न ताणता कात्रीने कापा, पण दोन-तीन इंच बाहेर राहू द्या.
- तोंडातून दोरा दिसत असेल तर कापूही नका, ओढूही नका.
- मिठाचं पाणी किंवा तेल पाजून उलटी काढायला जाऊ नका. खायलाही काही देऊ नका.
- दोऱ्याला सुई होती का, हे आठवून डॉक्टरांना आधी सांगा.

छोटा तुकडा कधीकधी विष्ठेतून आपोआप पडतो, हे खरं. पण ते तपासणीनंतर डॉक्टरांनी ठरवायचं. उलट्या, खाणं बंद, पोटाला हात लावू न देणं यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी थांबू नका.