एक भजं, एक भाजी

प्रिय चिऊ,

काल शाळेतून येताना गाडीत तू विचारलंस, “आई, भाजी आणि भजी एकच असतात का?” मैत्रिणीच्या डब्यात दुकानातली गोल, तळलेली कांद्याची भजी होती. ती म्हणाली ‘अनियन भाजी’. तू म्हणालीस, “भाजी नाही, भजी.” मग तिने पाकिटावरचं नाव सांगितलं आणि तू गप्प बसलीस. रहदारीत मला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहितेय. कुठे अडलं तर बाबाला विचार.

तुझंच बरोबर होतं. मराठीत एक भजं, दोन भजी; एक भाजी, दोन भाज्या. मध्ये फक्त एका कान्याचा फरक. पण इंग्रजीत ‘भ’लाही ‘ए’ आणि ‘भा’लाही ‘ए’च, त्यामुळे पाकिटावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात. पुढच्या वेळी इथल्या इंडियन रेस्टॉरंटमध्ये गेलो की मेनू नीट बघ. सुरुवातीला ‘अनियन भाजी’ असते, ती आपली भजी. खाली ‘मशरूम भाजी’ असते, ती मात्र परतलेली भाजी. ब्रिटनमधली अशी कितीतरी रेस्टॉरंट्स बांगलादेशातल्या सिल्हेटकडच्या लोकांनी चालवली, आणि बंगालीतही परतलेल्या भाजीला भाजीच म्हणतात.

तरी तुझी मैत्रीण अगदीच चुकली असं नाही, कारण दोन्ही शब्दांच्या मुळाशी विस्तव आहे. संस्कृतात भृज्ज् असा एक धातू आहे, म्हणजे भाजणं. त्यापासून ‘भर्जित’, भाजलेलं. लोकांच्या बोलण्यात ‘र्ज’चा ‘ज्ज’ झाला. पुढे मराठीने अशा जोडाक्षरांपैकी एक अक्षर सोडलं आणि आधीचा स्वर लांबवला. हस्त, हत्थ, हात. सप्त, सत्त, सात. अद्य, अज्ज, आज. तू रोज म्हणतेस त्या शब्दांत हे घडून गेलंय! तसंच आपलं ‘भाजणं’. आजी भाकरी भाजते, मी शेंगदाणे भाजते, थालीपिठासाठी करतात ती भाजणी, आणि मागच्या आठवड्यात तव्याला लागून तुझं बोट भाजलं, तेही तेच. भजं तेवढं आखूड राहिलं. गुजरातीत त्याची भजियां झाली, कानडीत बज्जी. कानडीत ‘ज्ज’ अजून ऐकू येतो, हे मला फार आवडतं.

‘भाजी’चं मूळही कोशांत या भाजण्याशीच जोडलेलं सापडतं. शब्द मात्र खूप जुना. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी पाणिनीने संस्कृतचं व्याकरण लिहिलं, त्याच्या एका सूत्रात भाजी आहे. तिथे तिचा अर्थ शिजवलेली पेज! पालेभाजी, फळभाजी असं काही त्यात नाही.

आता मला सगळ्यात जवळचं वाटतं ते सांगते. तू लहान असताना विचारायचीस, “भाजी तर फ्रिजमध्ये आहे, मग तू भाजी का करतेस?” आजीला फोन केला की ऐक. सकाळी ती म्हणते, “भाजी आणायला निघालेय.” मग, “भाजी निवडत बसलेय.” मग, “भाजी चिरून झाली, आता फोडणीला टाकते.” आणि दुपारी, “भाजी जरा खाली लागली गं.” मातीसकट आलेल्या मेथीच्या जुडीपासून ताटातल्या घासापर्यंत एकच शब्द. इंग्रजीत मधे कुठेतरी नाव बदलावं लागतं. आपल्याकडे ती जुडी हातात घेतली तेव्हाच भाजी असते. पुण्याच्या मंडईत मी आजीबरोबर जायचे. 1886 साली उघडलेली ती दगडी इमारत, उंच शिखराची. आत ओट्यांवर बसलेल्या बायका जुडीवर पाणी शिंपडत हाक मारायच्या, “ताई, भाजी घ्या, ताजी आहे.” आजी मेथीची एक काडी मोडून बघायची. कट्कन मोडली तरच घ्यायची.

आणि शेजारी मांडलेले शब्द परके असले तरी भाजी त्यांना सामावून घेते. बटाटा हा शब्द पोर्तुगीजांचा, पाव हाही पोर्तुगीजांचा. पावभाजीत आपली फक्त भाजी! गोव्यात तर सकाळच्या न्याहारीलाच पाव आणि पातळ भाजी खातात.

शनिवारी आपण कांदाभजी करू, खेकडा भजी म्हणतात तशी. कांदा उभा, पातळ चिरायचा. मीठ लावून हाताने जरा चोळायचा आणि दहा मिनिटं ठेवायचा. त्याला आपोआप पाणी सुटतं. त्या पाण्यात मावेल तेवढंच डाळीचं पीठ, वर तिखट, ओवा आणि एक पळी कडकडीत तेल. वेगळं पाणी अजिबात घालायचं नाही, नाहीतर कांदा पिठाखाली दडतो. तळताना कांद्याच्या फाका खेकड्याच्या नांग्यांसारख्या बाहेर आल्या पाहिजेत. तळणीजवळ मी उभी राहीन, पीठ तू कालव.

पाच-सहा भजी मैत्रिणीसाठी बाजूला काढू. डब्याच्या झाकणावर कागद चिकटवून नाव तू लिही. देवनागरीत, काना न देता.

तुझी,
आई