वासांना मराठीत स्वतःचे शब्द खरंच नाहीत का?

प्रश्न असा आहे: रंगाला आपण सरळ लाल, पिवळा, हिरवा म्हणतो, वासाला मात्र 'मोगऱ्यासारखा', 'पेट्रोलसारखा' असं कशाचं तरी नाव घेऊन सांगावं लागतं. हे मराठीतच आहे की सगळ्या भाषांत?

सगळ्या भाषांत नाही. आणि मराठीतही तुम्ही समजता तेवढा दुष्काळ नाही. शब्द आहेत, फक्त ते अत्तराच्या दुकानात शोधून सापडत नाहीत. स्वयंपाकघरात जावं लागतं.

आधी बाहेरचं सांगतो. मलेशिया-थायलंड सीमेजवळच्या जंगलात जहाई लोक राहतात. शिकार करायची, रानातून मिळेल ते गोळा करायचं, अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्यांच्या भाषेत नुसते वासाचे म्हणून डझनभर शब्द आहेत आणि ते कुठल्या एका वस्तूला बांधलेले नाहीत. एकाच शब्दात पेट्रोल, धूर आणि वटवाघळांची विष्ठा बसते. दुसरा शब्द रक्ताच्या अशा वासाचा, ज्याच्या मागावर वाघ येतो; चिरडलेली ऊ आणि खारीचं रक्त दोन्ही त्यातच. सुवासाचा जो शब्द आहे त्यात फुलांबरोबर ड्युरियन हे फळही येतं. हेच फळ घेऊन, त्याच्या उग्र वासामुळे, सिंगापूरच्या मेट्रोत चढायला मनाई आहे! जहाईंचे वासाबद्दलचे विधिनिषेधही कडक: भाऊ-बहिणींनी फार जवळ बसू नये, कारण दोघांचे वास एकमेकांत मिसळतात.

असिफा मजीद आणि निक्लास बुरेनहुल्ट या अभ्यासकांनी जहाई आणि इंग्रजी बोलणाऱ्यांना तेच वास हुंगायला दिले. २०१४ साली ते काम प्रसिद्ध झालं. जहाई लोकांनी रंग सांगावा तितक्या सहज वास सांगितले. इंग्रजीवाल्यांची दालचिनीपाशीच गाडी अडली: गोड आहे, च्युइंगमसारखं काहीतरी, शब्द ओठांवर आहे पण येत नाही... दालचिनी ही काही त्यांना परकी वस्तू नव्हे.

यावर सोपं उत्तर येतं की जंगलातल्या लोकांचं नाकच तिखट असणार, नाहीतर ती भाषाच तशी. मला ते पटत नाही, आणि २०१८ साली मजीद आणि निकोल क्रुस्पे यांनी जे दाखवलं त्यानंतर तर नाहीच. मलेशियातलेच दोन समाज त्यांनी घेतले, सेमाक बेरी आणि सेमलाई. परिसर तसाच, भाषा एकमेकींच्या नात्यातल्या. पण सेमाक बेरी शिकारी आणि सेमलाई भातशेती करणारे. वास सांगण्यात सेमाक बेरी जहाईंसारखे तरबेज निघाले. सेमलाई मात्र इंग्रजीवाल्यांसारखेच अडखळले. म्हणजे वासावरून रोज काहीतरी ठरवावं लागतं की नाही, यावर बरंच अवलंबून असणार.

आता हे मराठीला लावून बघा. आपल्याकडे नाकाने निकाल लावायची जागा म्हणजे स्वयंपाकघर. आमचं घर मालवणकडचं. आमलेटची ताटली आणि पाण्याचे ग्लास एकाच घासणीने घासले गेले की आई ग्लास तोंडाजवळ नेते आणि तसाच बाजूला ठेवते: "ह्याला हिमूस येतोय, बेसन लावून परत घास." अंडं, कच्चा मासा, मटण धुतलेलं पातेलं, सगळ्यांना हा एकच शब्द. कोणी हिवस म्हणतं. त्यात माशाचं नाव नाही की अंड्याचं. जहाईंच्या वाघाच्या शब्दाचा हा दूरचा भाऊ म्हणायला हरकत नाही, फक्त आपल्याकडे वाघाऐवजी आई येते.

बाकीचेही तसेच. खवट म्हणजे जुनं तेल, सुकं खोबरं, शेंगदाणे, डब्याच्या तळाशी राहिलेला चिवडा. स्निग्ध पदार्थ हवेने बिघडला की येणारा वास, मग तो पदार्थ कुठलाही असो. कुबट म्हणजे न वाळलेले कपडे, पावसाळ्यातली गादी, वर्षभर बंद असलेली खोली. खमंग तर भाजण्याशीच जोडलेला: बेसन, थालीपीठ, तुपातला रवा. गुलाबाला कोणी खमंग म्हणत नाही.

चिनी भाषा या बाबतीत आपल्या पुढे आहे. मासे आणि रक्ताच्या वासाला 'शिंग', बकऱ्या-मेंढ्यांच्या मांसाच्या वासाला 'शान', मांसाहारी जनावरांच्या उग्र वासाला 'साओ'. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या एका चिनी ग्रंथात ही वाटणी स्वयंपाकाच्या संदर्भातच आली आहे: पाण्यात राहणारे, मांस खाणारे, गवत खाणारे, आणि आच नीट सांभाळली तर हे वास कसे घालवता येतात. आपल्याकडच्या 'तर्कसंग्रह' या न्यायशास्त्रावरच्या संस्कृत ग्रंथात अन्नंभट्टांनी मात्र गंधाचे दोनच प्रकार सांगितले, सुरभि आणि असुरभि. विषय संपला. शास्त्रीबुवांना मासळीबाजाराचं काम पडलं नसावं.

मराठीची खरी श्रीमंती मला विशेषणांपेक्षा क्रियापदांत दिसते. फोडणीचा वास सुटतो, रातराणी दरवळते, मोजे वास मारतात. अत्तर घमघमतं आणि उडूनही जातं. गटाराचा भपकारा येतो. मासे तळले की वास पडद्यांना बसतो. वास कुठून निघाला, किती जोरात आला, किती टिकला हे क्रियापदच सांगून टाकतं, आणि आवडला की नाही तेही. 'मोगरा वास मारतो' असं म्हणून बघा, घरातलं कोणीतरी लगेच दुरुस्त करेल.

तुमच्या प्रश्नातल्या मोगरा आणि पेट्रोलचं म्हणाल, तर तिथे वेगळा शब्द कशाला लागावा? वास एकाच ठिकाणाहून येतो तेव्हा त्या वस्तूचं नाव पुरतं. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मर्केप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळतात. इतका जिवावरचा वास, तरी आपण त्याला नाव दिलं नाही. "गॅसचा वास येतोय" एवढं म्हटलं की घरातला प्रत्येक जण सिलिंडरकडे धावतो.