‘पोटात असताना मला कोरोना झाला होता, मॅडम’

गेली काही वर्षं माझ्याकडे येणाऱ्या आयांच्या तोंडून एकच वाक्य ऐकते आहे. मूल उशिरा चाललं, जेवताना तोंड फिरवतं, चटकन रडतं, तक्रार कोणतीही असो, थोड्या वेळाने आवाज खाली जातो आणि ती विचारते, ‘पोटात असताना मला कोरोना झाला होता, मॅडम. त्याच्यानंच तर नाही झालं नं?’ ती मुलं आता शाळेत जायला लागली, तरी प्रश्न येतोच आहे. म्हणून नागपूरच्या नंदनवन भागातल्या एका आईविषयी लिहिते, तिच्या परवानगीने. तिला इथे प्राची म्हणू आणि मुलाला अर्णव.

एप्रिल 2021, दुसरी लाट. नागपुरात एकेका खाटेसाठी लोक रात्रभर फोन लावत होते. प्राचीला आठवा लागला होता. ताप, खोकला, मग काही दिवस ऑक्सिजन. ती सावरली, पण मेअखेर पस्तिसाव्या आठवड्यातच बाळंत झाली आणि बाळाला काचेत ठेवावं लागलं. 2023 च्या जानेवारीत ती माझ्याकडे आली तेव्हा अर्णव वीस महिन्यांचा होता, तीन-चार शब्द बोलायचा. बालरोगतज्ज्ञांनी कान तपासून घेतले होते, ऐकू नीट येत होतं. ‘दोन वर्षांपर्यंत लक्ष ठेवू’ असं त्यांचं म्हणणं. प्राचीने मात्र स्वतःला दोषी ठरवून टाकलं होतं.

‘ओटीभरणाचा हट्ट मीच धरला होता. तिथेच लागण झाली.’

‘ओटीभरण कधी झालं?’

‘मार्चच्या सुरुवातीला.’

‘आणि ताप?’

ती थांबली. ‘एप्रिल अर्धा झाला होता.’

या विषाणूची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत जास्तीत जास्त 14 दिवस धरतात. इथे महिना उलटून गेला होता. घरातून रोज हिंगण्याला कामावर जाणारी माणसं होती, दूधवाला होता, भाजीवाली होती. मग दुसरी गोष्ट बाहेर आली. नणंद म्हणाली होती, लस घेतली असती तर ही वेळ आली नसती.

‘कधी घेणार होता?’ मी विचारलं. ‘गरोदर बायकांना लसीची परवानगी मिळाली 2 जुलै 2021 ला. अर्णव त्याआधीच जन्मला होता.’

हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. माझी तर पक्की धारणा आहे की मनाला समजूत घालण्याआधी तारखा समोर मांडाव्यात. घडलेल्या गोष्टीपेक्षा तिचा आपण लावलेला अर्थ माणसाला जास्त काळ छळतो, आणि तो अर्थ तपासता येतो.

पण ‘कोरोनाने काही होत नाही’ अशी खोटी समजूत मी घालत नाही. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हा आजार आईला जास्त जड जाऊ शकतो. मधुमेह, रक्तदाब किंवा जास्त वजन असेल तर धोका आणखी वाढतो. वेळेआधी प्रसूती होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं आणि क्वचित वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारा अवयव, बिघडून बाळ दगावलंही. दुसरीकडे, पोटातल्या बाळाला आईकडून लागण होणं विरळाच, आणि या संसर्गाने जन्मजात व्यंगं वाढल्याचं आढळलेलं नाही. अर्णवचं लवकर येणं बहुधा आजारामुळे असेल, हे मी प्राचीला सांगितलं. सोबत हेही सांगितलं की लवकर जन्मलेल्या मुलाचं वय दोन वर्षांपर्यंत बाळंतपणाच्या ठरलेल्या तारखेपासून मोजायचं. म्हणजे तो वीस नाही, जेमतेम एकोणीस महिन्यांचा होता.

खरी कलाटणी मिळाली ती तिच्या वहीमुळे. एके दिवशी तिने पर्समधून दोनशे पानी वही काढली. अर्णव काय करत नाही याची रोजची नोंद. ‘हाक मारली, वळला नाही.’ ‘बाय-बाय केलं नाही.’ पानंच्या पानं. एका नोंदीवर मी थांबले: ‘मटर सोलत होती. दाणा माझ्या हातावर ठेवला, तोंडाकडे पाहत राहिला. बोलला नाही.’

‘दाणा तुमच्याच हातावर का ठेवला त्याने?’

‘म्हणजे?’

‘खाली टाकता आला असता. तोंडात घालता आला असता. तुम्हाला दिला आणि तुमच्याकडे पाहिलं. मग तुम्ही काय केलं?’

ती बराच वेळ वहीकडे पाहत होती. मग म्हणाली, ‘लिहिलं.’ आणि थोड्या वेळाने, रडत, ‘मी त्याच्याशी खेळतच नाही मॅडम. मी त्याला तपासून राहिली.’

इतक्या वर्षांच्या कामात असं वाक्य आईच्या तोंडून आपणहून येतं तेव्हा मला फार समाधान वाटतं. वस्तू देणं, दाखवणं, नजरेने विचारणं ही शब्दांच्या आधीची भाषा. तो बोलतच होता, फक्त त्याला उत्तर मिळत नव्हतं. मला उमगलं ते असं की आईचा अपराधीपणा बऱ्याचदा दक्षतेच्या वेषात येतो, आणि घरातले तिच्या दक्षतेचं कौतुक करत राहतात.

अमेरिकेतला एक अभ्यास मी तिला याच टप्प्यावर सांगितला. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या त्या न्यूयॉर्कच्या पाहणीत 255 बाळं होती. आईला संसर्ग झालेली आणि न झालेली बाळं सहा महिन्यांची असताना सारखीच होती. मात्र साथीच्या काळात जन्मलेली बाळं, आईला संसर्ग असो-नसो, आधी जन्मलेल्यांपेक्षा हालचाली आणि माणसांशी मिसळणं यांत किंचित मागे होती. बंद दारं, ताणलेली घरं यांचा विचार करावा लागतो तो इथे.

वही बंद झाली. रोज अर्धा तास, मोबाइल दुसऱ्या खोलीत, अर्णव जे देईल ते घ्यायचं आणि त्याचं नाव घ्यायचं: ‘मटर! हिरवा मटर!’ आजीलाही हे शिकवलं. दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास तो ‘आजी ये’, ‘पानी दे’ म्हणू लागला. तो तसाही बोलला असता का, हे मी सांगू शकत नाही. घरात हसणं परतलं, ते मात्र मी पाहिलं.

तुमचं मूल दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल, किंवा आधी येणारे शब्द गेले असतील, तर थांबू नका. आधी कान तपासा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना दाखवा. पुढचे उपचार लागले तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात ते मोफत मिळतात. तिथे कारण कोरोना ठरो की आणखी काही, मुलाला मिळणारी मदत तीच असते. आणि आज गरोदर असताना लागण झाली असेल, तर दम लागणं, ऑक्सिजन 95 च्या खाली जाणं किंवा बाळाची हालचाल कमी वाटणं, यांतलं एक जरी झालं तरी लगेच दवाखाना गाठा. बाळंतपणानंतर मास्क लावून, हात धुऊन अंगावर पाजता येतं.