लाईट आल्यावर मासे कसे गेले?

प्रश्न: नमस्कार दादा, आम्ही सावंतवाडीला राहतो. घरी तीन फुटी टँक आहे, चार ओरांडा गोल्डफिश, खाली कॅबिनेटमध्ये कॅनिस्टर फिल्टर. परवाच्या पावसात तारेवर फांदी पडली, संध्याकाळी सातला गेलेली लाईट पहाटे चारला आली. मासे वर येऊन तोंड मारत होते म्हणून भूक लागली असेल असं वाटून थोडं खाणं टाकलं. चारला फिल्टर आपोआप सुरू झाला, चौघंही जिवंत होते, मग मी झोपले. सकाळी बघते तर दोन गेलेले, पाणी गढूळ, वास येतोय. लाईट नसताना जगले आणि आल्यावर कसे गेले? मुलगा अजून टँकपाशी जात नाही.

उत्तर: ताई, वाचून खरंच वाईट वाटलं, नऊ तास धीर धरून मग असं व्हावं. तुमच्या वर्णनावरून बहुतेक फिल्टरनेच घात केला. फिल्टरच्या स्पंजात आणि रिंगांत जे चांगले बॅक्टेरिया असतात ना, माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया संपवणारे, ते वाहत्या पाण्यातल्या ऑक्सिजनवर जगतात, आणि कॅनिस्टर म्हणजे बंद डबा, पाणी थांबलं की काही तासांत आतला ऑक्सिजन संपतो, ते मरायला लागतात, गाळ कुजतो. लाईट आली की ते सगळं पाणी थेट टँकमध्ये. मासे आधीच दमलेले, त्यात टाकलेलं खाणंही कुजत होतं.

म्हणून लाईट गेली की पहिलं काम, फिल्टरचा प्लग काढून ठेवा. अर्ध्या-एक तासात आली तर तसाच लावा, काही होत नाही. जास्त वेळ गेला असेल तर आधी डबा उघडा, सडक्या अंड्यासारखा वास आला तर ओळखून जा, आणि वास नसला तरी आतलं पाणी ओतून टाका, स्पंज आणि रिंगा टँकच्याच पाण्यात बादलीत खळबळून घ्या. नळाखाली धरू नका, क्लोरीनने उरलेले बॅक्टेरियाही जातील.

वर येऊन तोंड मारणं ही भूक नव्हे हो, श्वास कोंडतोय. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी, आणि गोल्डफिशला तो भरपूर लागतो. फायटर किंवा गुरामी हे मासे वरची हवा घेऊन तगतात, ओरांडाला ते जमत नाही. तेव्हा खाणं पूर्ण बंद, धडधाकट मासे दोन-चार दिवस सहज उपाशी राहतात. झाकण उघडा आणि स्टीलचा तांब्या घेऊन टँकचंच पाणी वीतभर उंचीवरून परत ओतत राहा, पाच मिनिटं, दर अर्ध्या तासाला. पृष्ठभाग फुटला पाहिजे, हवा तिथूनच आत जाते.

पण रात्रभर तांब्या घेऊन कोण बसणार, म्हणून पाऊस ओसरायची वाट न बघता सेलवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा, लाईट गेली की आपोआप सुरू होणारे पण मिळतात. यूएसबीवाला घेतलात तर पॉवर बँकवर आधी दिवसा दोन तास चालवून बघा, कारण पंप इतकी कमी वीज घेतो की काही पॉवर बँक काहीच जोडलेलं नाही असं समजून बंद पडतात. घरात इन्व्हर्टर असेल तर साधा एअर पंप त्याच्या पॉइंटवर लावा, तीन-चार वॉटचा तर असतो. नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर पंप थांबल्यावर पाणी उलटं येतं.

आता उरलेल्या दोघांचं. फिल्टर अजून धुतला नसेल तर आजच वर सांगितल्यासारखा धुवा, आणि लगेच पाव टँक पाणी बदला, अँटिक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) घालून. बॅक्टेरिया परत वाढायला काही आठवडे लागतात, तोवर खाणं निम्मं आणि एक दिवसाआड अमोनिया तपासायचा, वाढलेला दिसला की परत पाव पाणी. टेस्ट किट ॲक्वेरियमच्या दुकानात मिळतं, त्यात नळीत थेंब मोजून टाकायचे आणि पाण्याचा रंग कार्डाशी जुळवायचा, तुम्ही शेजारी बसा आणि ते काम मुलाला करू द्या.