भाड्याच्या घरात हॉलमध्ये आडोसा हवाय, लाकडी जाळीचं फोल्डिंग पार्टिशन घ्यावं का?

पार्टिशन घ्या, पण जाळीचं नको. हॉल १० बाय १६, मुलगी दहावीला, तिच्या टेबलाला आडोसा हवा आणि घरमालक खिळा ठोकू देत नाही, असं तुम्ही लिहिलंय. यात गोम अशी की असलं पार्टिशन फक्त नजर अडवतं. टीव्हीचा आवाज त्याला जुमानत नाही, तेव्हा टीव्हीचं काय करायचं ते आधी घरात ठरवून टाका.

कोरीव जाळी तर नजरही धड अडवत नाही. सहारनपूरकडचं शिसमाचं काम दिसतं राजेशाही, पण पलीकडे टेबललॅम्प लागला की पोरगी हॉलमधून स्पष्ट दिसणार. शिवाय वजन! आणि नक्षीतली धूळ काढायला रंगाचा जुना ब्रश घेऊन बसावं लागतं. एमडीएफचं, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या फळीचं, स्वस्त पडतं, मात्र फरशी पुसतानाचं पाणी लागून खालून फुगतं.

आमच्याकडे सागाच्या हलक्या चौकटी आहेत आणि त्यांत जाड मांजरपाट. कापडाला वर-खाली नेफा शिवलाय, त्यातून दांड्या ओवल्यात. मळलं की काढून धुवायचं. उजेड गाळून येतो, पंख्याखाली कोंदट होत नाही. फक्त कोरं कापड आधी भिजवून वाळवा आणि मगच शिवायला द्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटून चौकटीला पुरणार नाही.

मापात बरेचजण फसतात. २० इंची चार फळ्या म्हणजे ८० इंच, हे दुकानातलं गणित. सरळ रेषेत उभं केलं तर ते पडतं, नागमोडीच ठेवावं लागतं. मग रुंदी भरते साधारण पावणेसहा फूट आणि खोली अडते दहाएक इंच. तुमच्या १० फुटांत जायला-यायला चार फूट उरतात, म्हणजे जमेल. जमिनीवर खडूने आखून एक दिवस त्याच्या कडेने वावरून बघा. पाहुणे आले की घडी करून कुठे ठेवणार, तेही बघून ठेवा. दारामागे पाचेक इंच जागा असली तरी भागतं.

सुताराकडून करून घेणार असाल तर बिजागऱ्या दोन्ही बाजूंना वळणाऱ्याच सांगा. साध्या बिजागरीचं पार्टिशन एकाच बाजूला दुमडतं आणि टेबल हलवलं की पंचाईत होते. पायांना खालून रबरी बुचं मारून घ्या, गुळगुळीत टाइल्सवर चौकट सरकते.