महापालिकेतली पेन्शन: वाद कुठला, पैसा कुणाचा?

जुनी पेन्शन हवी की नवी पुरे, या वादावर या वेळी महापालिका कर्मचाऱ्यांची पत्रं आली आहेत, तशीच घरपट्टी भरणाऱ्या नागरिकांचीही.

प्रश्न: मी 2010 पासून महापालिकेत लिपिक आहे आणि एनपीएसमध्ये, म्हणजे पगारातून कपात करून बाजारात गुंतवणाऱ्या नव्या पेन्शन योजनेत आहे. जुन्या पेन्शनवाल्या सहकाऱ्यापेक्षा माझ्या हातात नेमकं काय कमी येईल?

आकडेच मांडून बघू. निवृत्तीच्या वेळी दोघांचंही मूळ वेतन 60,000 रुपये आहे असं धरा. जुन्या योजनेत तुमच्या सहकाऱ्याला मूळ वेतनाच्या निम्मी, म्हणजे 30,000 रुपये पेन्शन आणि वर महागाई भत्ता मिळेल. भत्त्याचा दर वाढला की हातात येणारी रक्कमही वाढेल. तुमच्या खात्यात समजा 50 लाख जमले. त्यातले 30 लाख एकरकमी काढता येतील, उरलेल्या 20 लाखांची ॲन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून दरमहा ठरावीक रक्कम देणारी योजना, घ्यावी लागेल. सहा टक्के दर मिळाला तर महिन्याला 10,000 रुपये. साध्या ॲन्युइटीत ते पंधरा वर्षांनंतरही 10,000च राहतात. 30 लाख हाताशी आहेत हे खरं, पण मुलीचं लग्न, घराचं कर्ज आणि एखादं मोठं आजारपण निस्तरल्यावर त्यातले किती उरतात, हे आपण घरोघरी पाहतो.

मार्च 2023 मध्ये राज्यातले कर्मचारी आठवडाभर संपावर गेले. म्हातारपणी महागाईशी एकट्याने झुंजावं लागेल ही धास्ती त्यामागे होती. तिला हट्ट म्हणणं मला पटत नाही.

प्रश्न: मी खासगी कंपनीतून निवृत्त झालो. ईपीएफची पेन्शन दोन-अडीच हजार. माझ्या घरपट्टीतून दुसऱ्यांची पेन्शन का भरायची?

तुमची पेन्शन तुटपुंजी आहे, हा तुमच्यावरचा अन्यायच आहे. पण सफाई कामगाराची कापून तो दूर होणार नाही. सरकारी निवृत्तांच्या पेन्शनवरच्या नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1982 मध्येच सांगितलं की पेन्शन ही मालकाच्या मर्जीवरची बक्षिसी नाही, केलेल्या सेवेतून मिळालेला हक्क आहे.

पैसा येतो कुठून, हा तुमच्या पत्रातला मुद्दा मात्र रास्त आहे. जुन्या योजनेत कर्मचाऱ्याच्या पगारातून पेन्शनसाठी कपात नव्हती, आणि तो नोकरीत असताना महापालिकेनेही अनेक ठिकाणी पुरेसे पैसे बाजूला काढले नाहीत. आजच्या निवृत्तांची पेन्शन आजच्या वसुलीतून जाते. म्हणजे ज्यांच्या दारातला कचरा तीस वर्षं उचलला गेला, त्यांनी त्या कामाची पूर्ण किंमत कधी भरलीच नाही. उरलेलं बिल तुमच्याकडे आलं. हा दोष कामगाराचा नाही, वर्षामागून वर्षं असे अर्थसंकल्प मंजूर करणाऱ्यांचा आहे.

त्यात महापालिकांचे हात आणखी बांधले गेले. जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर गेला, आणि जुलै 2017 मध्ये जीएसटी आल्यापासून मोठ्या शहरांनाही राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर विसंबावं लागतं. नागपूर आणि मुंबईच्या अधिवेशनांत पेन्शनच्या घोषणा होतात, तेव्हा महापालिकेच्या वाट्याचे पैसे कोण देणार, हे त्याच दिवशी विचारायला हवं.

प्रश्न: मी महापालिका रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाले. या सगळ्या वादात माझी चालू पेन्शन कमी होईल का?

ताई, सध्याचा वाद सेवेत असलेल्यांचा आणि पुढे भरती होणाऱ्यांचा आहे. निवृत्तांची पेन्शन कापण्याचा विषय त्यात नाही.

तरी अमेरिकेतल्या डेट्रॉइटचं उदाहरण सगळ्यांनीच लक्षात ठेवावं. त्या शहराने जुलै 2013 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तडजोडीत पोलीस आणि अग्निशमन दल सोडून इतर निवृत्तांची मूळ पेन्शन साडेचार टक्क्यांनी कापली गेली आणि त्यांची वार्षिक वाढ थांबली. आपले कायदे वेगळे आहेत. पण पेन्शन कागदावर पक्की असली तरी तिजोरी रिकामी झाल्यावर पहिला घाव म्हाताऱ्या माणसांवर बसू शकतो, हे तिथे दिसलं.

प्रश्न: केंद्राची यूपीएस, म्हणजे युनिफाइड पेन्शन स्कीम, आम्हाला परवडेल का? मी 38 व्या वर्षी नोकरीला लागलो.

या योजनेत 25 वर्षं सेवा झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या 50 टक्के पेन्शनची हमी आहे, शिवाय महागाईनुसार वाढ. सेवा कमी असेल तर त्या प्रमाणात कमी. तुम्ही 58 व्या वर्षी निवृत्त झालात तर सेवा वीस वर्षांची, म्हणजे सुमारे 40 टक्के. एनपीएसपेक्षा हा आधार मला भक्कम वाटतो, कारण बाजार पडण्याची जोखीम तुमच्या एकट्याच्या डोक्यावर राहत नाही. कर्मचाऱ्याची 10 टक्के कपात चालूच राहते. जुन्या पेन्शनशी तुलना करताना ही वजाबाकी बरेच जण विसरतात.

राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये ही योजना स्वीकारली. मात्र राज्याचा निर्णय महापालिकेला आपोआप लागू झाला असं समजू नका. आस्थापना विभागाकडून आदेशाची प्रत घ्या, ती वाचूनच विकल्प द्या.

प्रश्न: पगारातून कपात दर महिन्याला होते, पण प्रान, म्हणजे माझ्या एनपीएसच्या, खात्यात रक्कम वेळेवर दिसत नाही. गप्प बसावं का?

अजिबात नाही. जुनी की नवी यापेक्षा मला हा प्रश्न मोठा वाटतो. तुमचे आणि महापालिकेचे मिळून वर्षाला 1,20,000 रुपये भरायचे असतील आणि ते एक वर्ष उशिरा पडले, तर नऊ टक्के परतावा धरून वीस वर्षांनी सुमारे 55,000 रुपयांची तूट येते. हे एकाच वर्षाच्या दिरंगाईचं. ती पाच वर्षं चालली तर हिशेब तुम्हीच करा.

दर तिमाहीला प्रानचं विवरण काढा आणि पगारपत्रकातल्या कपातीशी महिनावार ताडून पाहा. फरक दिसला तर लेखा विभागाला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि उशिराच्या काळाचं व्याजही त्याच अर्जात मागा. एकट्याने मागण्यापेक्षा खात्यातल्या सगळ्यांची विवरणं युनियनने गोळा करावीत आणि आयुक्तांपुढे एकत्र ठेवावीत.