वाचक विचारतात : हॅलोविनच्या रात्री कुठला सिनेमा लावू?

प्रश्न : ३१ ऑक्टोबरला आम्ही सहा-सात जण विश्रामबागेत एका मित्राच्या घरी सिनेमा बघायला जमतोय. दार करकरणार, आरशात बाई दिसणार आणि मग कानठळ्या बसणार, याचा आता कंटाळा आलाय. डोक्यात शिरेल आणि आमच्यापैकी कुणी पाहिलेला नसेल असा भयपट सुचवा. (सांगली)

उत्तर : ‘सेशन ९’ लावा. ब्रॅड अँडरसनचा २००१ सालचा सिनेमा, लांबी १०० मिनिटं. यात भुतापेक्षा टेंडर जास्त भीतिदायक आहे. बंद पडलेल्या मनोरुग्णालयातून ॲस्बेस्टॉस काढायचं काम मिळावं म्हणून गॉर्डन नावाचा ठेकेदार दोन-तीन आठवड्यांचं काम एका आठवड्यात उरकून देतो म्हणतो. वेळेत झालं तर दहा हजार डॉलर बोनस. घरी तान्हं मूल, हाताखाली चार माणसं, त्यातल्या दोघांचं एकमेकांशी हाडवैर. पुढचं सांगत नाही, आणि तुम्हीही आधी विकिपीडिया उघडू नका. शेवट कळला की सिनेमा निम्मा वाया गेला.

इमारत खरी आहे. मॅसॅच्युसेट्समधलं डॅनव्हर्स स्टेट हॉस्पिटल १८७८ मध्ये सुरू झालं, १९९२ मध्ये बंद पडलं. चित्रीकरण तिथेच झालं. पुढे इमारतीचा बराचसा भाग पाडून तिथे फ्लॅट उभे राहिले. भिंतींचे पोपडे, गंजलेल्या खाटा, लांबच लांब बोगदे यांसाठी खऱ्या इमारतीमुळे वेगळा सेट लागलाच नाही.

पहिला अर्धा तास फॉरवर्ड करू नका. कामगारांची जेवणाच्या सुट्टीतली टिंगलटवाळी कंटाळवाणी वाटेल, पण कोण कुणावर खार खाऊन आहे ते तिथेच कळतं. त्यातला एक जण, माइक, जुन्या टेपा शोधून ऐकत बसतो. मेरी हॉब्ज या रुग्णाच्या नऊ मुलाखती, आणि तिच्या तोंडून बोलणारे वेगवेगळे आवाज. खरी भीती कानातून येते ती इथे. (मानसिक आजाराची माहिती म्हणून मात्र या टेपांकडे बघू नका, तो भाग सरळसरळ रंगवलेला आहे.) गॉर्डनचं काम करणारा पीटर मुलन स्कॉटिश ढंगात बोलतो, त्यामुळे इंग्रजी सबटायटल चालू ठेवा. अक्षरांचा रंग बदलता येत असेल तर पांढऱ्याऐवजी राखाडी करा. अंधाऱ्या दृश्यात पांढरी अक्षरं डोळ्यांत घुसतात.

आता ॲस्बेस्टॉसबद्दल : आपल्याकडे गोठ्यावर, शेडवर सर्रास दिसणाऱ्या सिमेंटच्या पत्र्यांत तेच असतं. पत्रा शाबूत असेपर्यंत धोका कमी. कापताना, फोडताना उडणारी धूळ फुप्फुसात जाते आणि आजार कित्येक वर्षांनी दिसतो. सिनेमातली माणसं मास्क आणि अंगभर सूट का घालतात, हे त्यावरून लक्षात येईल.

प्रश्न : भयपट लावला की आमच्या ४३ इंची टीव्हीवर अर्धा वेळ नुसतं काळं दिसतं. ब्राइटनेस वाढवला तर सगळं राखाडी होतं. उपाय काय? (सातारा)

उत्तर : ब्राइटनेस होता तिथे परत न्या. आधी ‘व्हिव्हिड’ मोड बंद करून ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ निवडा. मग वीज वाचवणारा ‘इको’ मोड बंद करा. खोलीत अंधार झाला की तो गुपचूप पडदा मंद करतो, आणि बहुतेक घरांत खरा चोर हाच निघतो. लॅपटॉप एचडीएमआयने जोडला असेल तर दोन्हीकडची ‘ब्लॅक लेव्हल’ किंवा ‘आरजीबी रेंज’ सारखी हवी. लॅपटॉप ‘फुल’वर आणि टीव्ही ‘लिमिटेड’वर असेल तर अंधारातले बारकावे गिळले जातात, उलट असेल तर काळा रंग राखाडी होतो. तुमची दोन्ही लक्षणं इथूनही येऊ शकतात.

मोशन स्मूदिंगही (हालचाल जास्त गुळगुळीत दाखवणारी टीव्हीची सोय) बंद करा. ‘सेशन ९’ सुरुवातीच्या डिजिटल कॅमेऱ्यांवर चित्रित झालाय, त्यामुळे मुळातच थोडा व्हिडिओसारखा दिसतो. स्मूदिंग चालू राहिलं तर थेट दुपारची मालिका.

तपासायला यातलंच एक दृश्य घ्या. जनरेटर बंद पडतो, अंधाराला घाबरणारा जेफ बोगद्यातून धावतो आणि मागचे दिवे एकेक करून विझत येतात. विझलेल्या भागात भिंतीचा आकार जेमतेम कळला पाहिजे. बोगदा धुरकट दिसला तर ब्राइटनेस जास्त. एकच काळा ठोकळा दिसला तर कमी.

बसायचं अंतर साडेपाच ते सहा फूट, आणि समोर. अगदी बाजूला बसणाऱ्याला बऱ्याच एलईडी टीव्हीवर काळं फिकट दिसतं. खोलीतले दिवे घालवून टीव्हीच्या मागे एक मंद दिवा ठेवला तर डोळे दुखत नाहीत.

आवाजाकडेही बघा. टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, टेपांवरची कुजबुज त्यांत विरते. वायरचे साधे दोन स्पीकर पुरतात. ब्लूटूथवर ओठ आणि शब्द पुढेमागे होऊ शकतात. गळीत हंगाम सुरू झाला असेल आणि घर रस्त्यालगत असेल, तर दहानंतरच लावा. उसाच्या ट्रॅक्टरवरच्या गाण्यांपुढे कुठलाही सायमन टिकत नाही. (सायमन कोण, ते टेपांवर कळेल.) परतीच्या पावसात वीज आणि नेट दोन्ही जातात, म्हणून भाड्याने घेतलेला सिनेमा आधीच डाउनलोड करून ठेवा.

प्रश्न : घरच्यांना इंग्रजी नको. हिंदीत असं काही? (मिरज)

उत्तर : राम गोपाल वर्मांचा ‘कौन?’, १९९९. एक घर, बाहेर पाऊस, ऊर्मिला मातोंडकर, मनोज बाजपेयी आणि सुशांत सिंग. दीड तासाचा, एकही गाणं नाही. मध्यंतर न करता सलग बघा. लहान मुलं जागी असतील तर हाही नको आणि वरचाही नको. ‘सेशन ९’मध्ये तर शिव्या भरपूर आहेत.